खुकरी सोडून न गेलेले कॅप्टन मुल्ला

महेंद्रनाथ मुल्ला मूळचे गोरखपूरचे. जन्म १५ मे १९२६. १९४६ साली कॅडेट म्हणून नौदलात आले आणि १९७१ च्या युद्धात 'खुकरी' या युद्धनौकेचे कप्तान होते.

दीवच्या समुद्रात पाकिस्तानची पाणबुडी फिरतेय, असा सुगावा लागला. तिला शोधायला खुकरी आणि 'किरपाण' मुंबईहून निघाल्या. खुकरीवर त्याच वेळी सोनार सुधारण्याचा प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागे. पाणबुडीच्या मागावर असताना हळू चालायचं म्हणजे आपणच सावज व्हायचं! हा निर्णय बरोबर होता का, यावर पुढे बराच खल झाला.

९ डिसेंबरच्या रात्री 'हंगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. काही मिनिटांतच खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

वाचले ६७ जण. त्या शेवटच्या मिनिटांची हकीकत कळली ती या माणसांमुळेच. मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी त्यांच्या आठवणी गोळा करून पुस्तक केलं. मुल्लांनी जमेल तितक्यांना पाण्यात उतरवलं, स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला देऊन टाकलं आणि ते ब्रिजवरच थांबले.

मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला गेलेल्यांनी चक्रतीर्थाजवळच्या स्मारकात काचेतली छोटी खुकरी पाहिली असेल. खरी खुकरी तिथून दूर, समुद्राच्या तळाशी आहे. कप्तानही तिच्यासोबतच.