एमेलिया एडवर्ड्सबाई

फारोने इस्राएल लोकांकडून पिथोम व रामसेस ही कोठारांची नगरे बांधविली, हे निर्गमाच्या पहिल्या अध्यायात आमच्या वाचकांनी वाचलेच आहे. असली नगरे मिसर देशाच्या मातीत शोधिता यावी म्हणून ज्या बाईने साधारण लोकांकडे वर्गणी मागितली, तिचे चरित्र आज देतो.

एमेलिया एडवर्ड्सबाईंचा जन्म १८३१ साली लंडन शहरी झाला. कादंबऱ्या लिहून त्या आपला चरितार्थ चालवीत. १८७३ साली त्या मिसरात गेल्या व नाव भाड्याने घेऊन नील नदीने वर निघाल्या. अबू सिंबेल येथे डोंगर कोरून केलेल्या देवळाजवळ त्यांच्या सोबत्यांस वाळूत पुरलेली एक खोली आढळली. खलाशांबरोबर बाईही हातांनी वाळू उपसू लागल्या. आत भिंतींवरील चित्रांचे रंग अगदी ताजे होते. मग आनंदाच्या भरात ह्या मंडळीने तेथेच आपली नावे लिहून ठेविली! हे बाईंनी स्वतः आपल्या पुस्तकात कबूल केले आहे, म्हणून आम्हीही झाकीत नाही. पुढे ती चित्रे प्रवाशांच्या हातून खराब झाल्याचे त्यांच्या कानी आले.

कबरी फोडून वस्तू विकणारे व त्या विकत घेणारे त्यांनी जागोजाग पाहिले होते. स्वदेशी परतल्यावर १८८२ साली रेजिनाल्ड पूल व इतर मित्रांसह त्यांनी मिसर-उत्खनन-फंड स्थापिला. इरॅस्मस विल्सन नामक शस्त्रवैद्याने ५०० पौंड दिले. परंतु फंडाचा भार वर्गणीदारांवरच होता. बाईंनी कादंबऱ्या बाजूस ठेविल्या व स्वहस्ते पत्रांवर पत्रे लिहिली. अमेरिकेत विन्स्लो नामक पाळकाने हे काम अंगावर घेतले.

१८८३ साली नाविल ह्यांनी फंडाच्या पैशाने तेल-अल-मस्खुता येथे खणून विटांच्या खोल्या उघड्या केल्या, आणि हेच पिथोम, असे जाहीर केले. पुष्कळ विद्वानांस हे मत पुढे मान्य झाले नाही. काही जण पिथोम जवळच्या दुसऱ्या टेकाडी दाखवितात. तथापि जे सापडले ते लिहून, छापून वर्गणीदारांच्या हाती दिले गेले.

१८८९ साली बाई अमेरिकेत व्याख्याने देण्यास गेल्या. तेथे हात मोडला, तरी त्यांनी दौरा सोडिला नाही. १८९२ च्या एप्रिलात त्या वारल्या. मिसरी विद्येच्या अध्यापकासाठी त्यांनी आपले द्रव्य लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजास ठेविले, कारण तेथे स्त्रियांसही पदवीची वाट मोकळी होती. त्या जागी पहिले अध्यापक फ्लिंडर्स पेट्री झाले. फंडास १९१९ साली सोसायटी हे नाव मिळाले. तिचे काम सभासदांच्या वर्गणीवर व देणग्यांवर अजून चालू आहे.