चॅम्पियन यांचा कॅमेरा आणि आपली हरणे

जिम कॉर्बेट मराठी घराघरांत पोचला. ज्यांची छायाचित्रे पाहून त्याला कॅमेऱ्याचे वेड लागले, त्या फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन यांचे नाव मात्र आपल्याकडे जंगलवेड्यांपुरतेच राहिले.

१८९३ साली इंग्लंडमध्ये जन्म. वडील कीटकशास्त्रज्ञ. भारतातल्या वनांचे वर्गीकरण करणारे हॅरी चॅम्पियन हे थोरले बंधू. फ्रेडरिक १९१३ साली पोलीस खात्यात भारतात आले, महायुद्धात लष्करात गेले आणि नंतर संयुक्त प्रांताच्या वनखात्यात रुजू झाले. वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून साहेबाने छायाचित्र काढून घ्यायचे, असा तो काळ. चॅम्पियन यांना हौसेच्या शिकारीचा तिटकारा होता.

त्यांनी जनावरांच्या वाटेवर तार ताणली. तिला पाय लागला की मॅग्नेशियमची पूड भडकायची, काळोखात लख्ख उजेड पडायचा आणि वाघ आपले छायाचित्र आपणच काढून पुढे जायचा. अमेरिकेत जॉर्ज शिरास यांनी आधी अशाच तारेने हरणे टिपली होती. पण एका रात्रीत एकच संधी, आणि तारेला वाघाऐवजी भलतेच जनावर लागले तर तीही वाया! अशी वर्षे गेली. १९२५ साली लंडनच्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने ती छायाचित्रे छापली, दोन वर्षांनी पुस्तक आले.

त्यांची खरी कमाई निराळीच. छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसले, की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणजे तोच वाघ पुन्हा आला, तर तो ओळखता येतो. रोकड मोजण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला याचे मोल लगेच कळते: नोटेवर नंबर नसता, तर तीच नोट दोनदा मोजली हे कळणार कसे? १९४७ साली चॅम्पियन भारत सोडून आफ्रिकेत गेले, १९७० साली वारले. पुढे नागरहोळेत उल्हास कारंत यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून याच पट्ट्यांवरून वाघांची संख्या काढली.

हरणांपाशी मात्र हे गणित अडते. हिंगोली जिल्ह्यातल्या सोयाबीन-तुरीच्या रानात फिरणारे काळवीट शास्त्राच्या भाषेत कुरंग. आपण त्याला हरीणच म्हणतो. नराची पिळदार शिंगे गळत नाहीत, त्यामुळे मोडके टोक किंवा फाटका कान पाहून एखादा नर ओळखता येईल. माद्या सगळ्या सारख्याच. अमेरिकेत १९९७ साली नर शिंगांवरून ओळखून, त्या प्रमाणात माद्या धरण्याची रीत मांडली गेली. पण काळविटात नरांचे कळप वेगळे फिरतात. ते प्रमाण इथे भरवशाचे नाही.

२००८ साली ब्रिटिश संशोधकांनी ओळख न पटवता मोजण्याचे सूत्र दिले. जनावर किती वेळा टिपले गेले, ते दिवसाला किती चालते, कॅमेऱ्याला किती रान दिसते, यावरून दाटी काढायची. अट एकच: कॅमेरे कुठेही, चिठ्ठी टाकल्यासारखे लावायचे. नेमके पाणवठ्यावर किंवा उभ्या पिकाच्या धुऱ्यावर लावले, तर आकडा फुगलाच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या मोजणीचेही तेच दुखणे.

पीक गेलेल्या शेतकऱ्याला शंभर हरणे दिसतात, ती खोटी नसतात. तोच वीसाचा कळप पाच वेळा आला असेल, तरी तूर गेली ती गेलीच. भरपाई त्या नुकसानीची हवी. पण कळप पकडून दुसरीकडे न्यायचा विषय निघाला, की वीस आणि शंभर यांत फार फरक पडतो. १९७२ च्या कायद्याने काळविटाला संरक्षण आहे, आणि त्या निर्णयाआधी कुणीतरी कॅमेरे चिठ्ठ्या टाकून लावायला हवेत.