बेघर बाबांच्या धर्मशाळा

घरातल्या आजारी माणसाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं, की बाईला पहिला घोर लागतो तो राहायचा. पेशंटला खाट मिळते हो, पण सोबत गेलेल्या बाईचं काय? फूटपाथवर झोपणं, मिळेल ते खाणं, डास, पावसात ओल. पंधरा दिवसांत तीही तापाने फणफणते! हे दुखणं फार आधी ओळखलं ते गाडगेबाबांनी.

अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूने गुरं राखली, शेतात राबला. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. दारू आणि कर्ज घर कसं पोखरतात, हे त्यांनी असं जवळून पाहिलं.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनातून दारू, कर्ज, घाण यांवर बोलायचं.

पंढरीच्या वारीत गरीब वारकरी उघड्यावर पडायचे, पटकीच्या साथीत दगावायचे. अस्पृश्य मानलेल्यांना तर धर्मशाळेतही जागा नसे. त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ खास पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. कोरडी जागा, स्वच्छ पाणी, पोटाला अन्न हेही औषधच, हे त्यांनी जाणलं होतं.

लोकवर्गणीतून इतकं उभं केलं, पण घरच्यांचा त्यावर कसलाही हक्क ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

बाबांच्या मागे त्यांच्या मिशनने दादरला कॅन्सरच्या पेशंटसाठी धर्मशाळा चालवली. तेव्हा मैत्रिणींनो, मोठ्या दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर केसपेपर काढतानाच तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना राहण्या-जेवणाच्या सोयीचं विचारा. त्यात लाज कसली? सोबतची बाई धडधाकट राहिली, तरच पेशंटची नीट काळजी घेतली जाईल.