व्हिसा नव्हता, मुलाखत मात्र झालीच : कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला कशा गेल्या?

भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामांच्या पट्ट्यातून कल्याणला निघालं की दुर्गाडीपाशी खाडी ओलांडावी लागते. पलीकडे जुनं कल्याण. इथल्याच एका जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ ला यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती आनंदी गोपाळ जोशी झाली. पुढं अमेरिकेत शिकून डॉक्टर झाली, हे आपण शाळेत वाचलंय, २०१९ च्या सिनेमात पाहिलंय.

पण ती अमेरिकेत शिरली कशी?

आज इथल्या एखाद्या पोराला अमेरिकेला शिकायला जायचं असेल, तर आधी पासपोर्ट, मग कॉलेजचा आय-२०, बँकेचं स्टेटमेंट, डीएस-१६० फॉर्म आणि शेवटी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीपुढची मुलाखत. १८८३ मध्ये यातलं काहीच नव्हतं. भारतात पासपोर्ट सक्तीचा झाला पहिल्या महायुद्धाच्या काळात, आणि त्याचा कायदा आला १९२० मध्ये. अमेरिकेनंही बाहेरच्या माणसाकडे व्हिसा मागायला सुरुवात केली ती त्याच युद्धात. त्याआधी म्हणजे १८८२ मध्ये अमेरिकेनं दोन कायदे केले होते. एकानं चिनी मजुरांना दार बंद केलं. दुसऱ्यानं गुन्हेगार, वेडे आणि स्वतःचं पोट भरू न शकणारे यांना अडवलं, आणि परदेशी प्रवाशामागं ५० सेंट कर लावला. कल्याणची ब्राह्मण मुलगी यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हती.

तेव्हा भारतातून बाहेर जाताना कागदपत्रं लागायची ती करारावर जाणाऱ्या मजुरांना. कलकत्त्याच्या डेपोत त्यांची नोंदणी व्हायची, तब्येत तपासली जायची, मगच जहाज. त्याच बंदरातून आनंदीबाई गेल्या.

मग अडचण कुठं होती? तर घरच्या बाजूला. आणि ती कुठल्याही व्हिसा ऑफिसरपेक्षा कडक होती.

सुरुवात गोपाळरावांच्या पत्रापासून होते. ते पोस्टात कारकून. बायकोला शिकवायचंच या ध्यासानं झपाटलेले, पण त्यासाठी तिच्यावर हात उचलणारे. तो त्रास आनंदीबाईंनी नंतर अमेरिकेतून लिहिलेल्या पत्रांत स्पष्ट मांडलाय, त्यामुळं त्यांना नुसतं हिरो करणं बरोबर नाही. कोल्हापूरला असताना त्यांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलं. अमेरिकेत मला नोकरी मिळेल का, आणि बायकोला शिकता येईल का, अशी ती विचारणा होती. आजच्या भाषेत मुख्य अर्जदार गोपाळराव, आणि आनंदीबाई डिपेंडंट. वाइल्डरना त्यांनी ख्रिस्ती व्हायला हवं होतं. जोशी नवराबायकोला ते मान्य नव्हतं. विषय तिथंच थांबायचा.

पण वाइल्डरनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना वाचला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र घातलं. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. बाई आनंदीबाईंच्या मावशी झाल्या आणि त्यांच्या घराचं दार उघडं झालं. आज ज्याला स्पॉन्सर म्हणतात तो असा मिळाला.

दरम्यान चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही, ही गोष्ट त्यांच्यासाठी पुस्तकातली राहिली नाही. डॉक्टरच व्हायचं, हे तिथून ठरलं.

गोपाळरावांची बदली एव्हाना बंगालमध्ये झाली होती. मागं आई आणि भावंडांचा खर्च, पगार कारकुनाचा, दोघांचं भाडं जमणार नव्हतं. म्हणून बायकोनं एकटीनं जायचं ठरलं, आणि गदारोळ उठला. समुद्र ओलांडणार, तेही नवऱ्याशिवाय!

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूर कॉलेजात आनंदीबाई उभ्या राहिल्या. हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगरचं नव्हे. भाषण इंग्रजीत होतं, आणि लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच घेतले. अमेरिकेलाच का? भारतात शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जात बाहेर टाकेल त्याचं काय? तिकडं काही बरंवाईट झालं तर? आणि बाईमाणसानं आजवर केलं नाही ते तू का करावंस?

यातले पहिले दोन प्रश्न आजही विद्यार्थी व्हिसाच्या खिडकीत जसेच्या तसे विचारले जातात. तिथला सगळ्यात मोठा मुद्दा असतो की तू परत जाणार का. तसं पटवून देता आलं नाही तर कलम २१४(बी) खाली अर्ज नाकारला जातो. आनंदीबाईंना तीच खात्री द्यावी लागली, फक्त आपल्याच लोकांना. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन आणि इथल्या बायकांवर उपचार करीन, असं त्यांनी सांगितलं.

भाषणाची बातमी फिरली. मदतनिधीला व्हाइसरॉयनंही २०० रुपये दिले. दागिने विकले गेले. ७ एप्रिलला, अठरा पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात, मिशनरी बायकांच्या सोबतीनं त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या.

आता गंमत बघा. त्या निघाल्या तेव्हा ॲडमिशन झालेलंच नव्हतं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र त्यांनी रोझेलला मावशींच्या घरी पोचल्यावर लिहिलं. वय कमी आहे, तयारी अपुरी आहे, हे लपवलं नाही. जातभाई आणि आप्तेष्टांचा विरोध मोडून इथवर आले, ती जिद्द जमेस धरा, असा त्या पत्राचा सूर होता. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना घेतलं. आजच्या नियमात आय-२० शिवाय विद्यार्थी व्हिसाची मुलाखतसुद्धा होत नाही. म्हणजे आनंदीबाई आज कलकत्त्यातूनच परत फिरल्या असत्या.

कॉलेजात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली याही शिकत होत्या. तिघींचा आपापल्या पोशाखातला १८८५ चा फोटो अधूनमधून तुमच्या फीडवर येत असतो, तो हाच.

फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहारी जेवणाचे हाल, आणि त्यात क्षय. तरी ११ मार्च १८८६ ला त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली, आणि वर्ष संपायच्या आत त्या भारतात परतल्या.

ते काम त्यांना सुरू करताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसाव्या वाढदिवसाला महिना राहिला होता. अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीमध्ये, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे.