ऋणमोचनचा घाट

स्नानाच्या पोशाखाचा इतिहास बहुधा युरोपच्या समुद्रकिनाऱ्यांवरून सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील स्त्रिया चाकांवरच्या बंदिस्त लाकडी खोलीतून पाण्यापर्यंत जात आणि अंगभर घोळदार वस्त्रांनिशी लाटांत उतरत. पुढे १९४६ च्या जुलैत लुई रेआर याने पॅरिसमध्ये बिकिनी लोकांपुढे आणली. या दोन टोकांमधील प्रवास म्हणजे लज्जेच्या कल्पना कशा पालटल्या याची कथा होय. परंतु त्या कथेत एक गोष्ट गृहीतच धरलेली असते, ती ही की स्नानासाठी वेगळे वस्त्र बाळगण्याची ऐपत माणसाजवळ आहे. वऱ्हाडात प्रश्न नेमका तेथूनच सुरू होत होता.

वऱ्हाडला समुद्र नाही. येथील सार्वजनिक स्नान नदीवरचे आणि पर्वणीचे. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. तेथे स्नान केले असता माणूस ऋणातून मुक्त होतो, अशी श्रद्धा. ज्याच्याजवळ एकच लुगडे वा एकच धोतर, त्याने नेसत्या वस्त्रानिशी बुडी मारावी आणि पौषाच्या थंडीत ते अंगावरच वाळवावे. स्त्रियांना आडोसा नाही, काठ चिखलाचा आणि निसरडा. अशा ठिकाणी शालीनता हा संस्काराइतकाच सोयीचाही प्रश्न असतो. हे ज्याने ओळखले तो पुरुष विद्वान नव्हता. तो डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेणगाव येथे, इतरांची वस्त्रे धुणाऱ्या परीट समाजात झाला. वडील व्यसनापायी अकाली गेले. आई सखूबाईने मुलाला घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरजवळच्या दापुरे या माहेरगावी आश्रय घेतला. डेबूजी मामाच्या शेतीत राबून वाढले. रेल्वे आल्यापासून वऱ्हाडचा कापूस अमरावती-अकोल्याच्या बाजारांतून मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे जात होता. पैसा खेळू लागला होता, पण त्याचबरोबर कर्जही. मामाची जमीन सावकाराच्या पाशात सापडली. तरुण डेबूजी त्या अन्यायापुढे निर्भयपणे उभे राहिले. ऋण स्नानाने फिटत नाही, हा धडा त्यांनी पुस्तकातून नव्हे, नांगराच्या तासातून घेतला होता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचा सदरा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा. देशाला कापूस पुरवणाऱ्या प्रांतातील माणसाने चिंध्या पांघराव्यात, यात वैराग्य होतेच. पण चिंध्यांत राहणाऱ्यांशी केलेली सोयरीकही होती. गांधीजींनी पंचा स्वीकारला तो १९२१ साली. त्याआधी सोळा वर्षे वऱ्हाडच्या रस्त्यांवर हा वेष फिरत होता.

ऋणमोचनला त्यांनी उपदेशापूर्वी हाती कुदळ घेतली. यात्रेकरू जेथे घसरत, तेथे १९०८ साली त्यांच्या पुढाकाराने घाट उभा राहिला. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरला लाखो वारकरी चंद्रभागेत स्नान करून मंदिराकडे वळत, तेव्हा बाबा वाळवंटातील घाण उचलीत असत. ज्या पाण्याला आपण पवित्र म्हणतो, त्याचा काठ घाण करून ठेवतो, ही विसंगती त्यांनी खराट्याने दाखवून दिली.

आणखी एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. युरोपात पाण्यात कोणते वस्त्र नेसून उतरावे, हा वाद होता. आपल्याकडे पाण्याला कोणी शिवावे, हाच वाद होता. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. त्याच्या दहा वर्षे आधी, १९१७ साली, गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. निवारा, पाणी आणि विद्या ही एकाच हक्काची अंगे आहेत, असेच त्यांच्या कृतीने सांगितले.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर त्यांचे देहावसान झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला आणि राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव आहे. नाव देणे सोपे असते. समुद्रकिनारी वा यात्रेत कोणी किती वस्त्र ल्यावे, यावर आपण तावातावाने बोलतो. स्नान करून आलेल्या गरीब बाईला लुगडे बदलण्यास आडोसा आहे काय, तिला कोरडा काठ आणि स्वच्छ पाणी मिळते काय, हे मात्र क्वचितच विचारतो. समाजाची सभ्यता मोजावयाची तर ती या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून मोजावी लागेल.