कोरड्या डोळ्यांमागचा आजार शोधणारे डॉ. शोग्रेन

डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, तोंडाला कोरड पडणे आणि सांधे दुखणे. या तीन तक्रारी असलेली एक महिला १९३० च्या सुमारास स्टॉकहोममधील तरुण नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांच्याकडे आली. तिन्हींचे मूळ एकच असावे, असे त्यांना वाटले.

१८९९ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या शोग्रेन यांनी असे आणखी रुग्ण शोधले. १९३३ मध्ये त्यांनी १९ महिलांवरचा प्रबंध जर्मन भाषेत सादर केला. त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. डोळ्यांचा हा कोरडेपणा म्हणजे साऱ्या शरीराच्या आजाराचे एक लक्षण, असे त्यांचे म्हणणे होते. परीक्षकांना ते फारसे पटले नाही. प्रबंधाला कमी श्रेणी मिळाली आणि विद्यापीठात शिकवण्याची वाट बंद झाली. १९३६ मध्ये ते योन्शोपिंग या गावी नेत्रविभाग सांभाळायला गेले. संशोधन मात्र सोडले नाही. १९४३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यांचे काम जगासमोर आले. १९६१ मध्ये स्वीडन सरकारने त्यांना प्राध्यापक ही पदवी दिली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. आज हा आजार 'शोग्रेन सिंड्रोम' म्हणूनच ओळखला जातो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते.

कोरड्या डोळ्यांवर आज अनेक उपाय आहेत, पण प्रत्येकाला दुसरी बाजू आहे. कृत्रिम अश्रूंचे थेंब सर्वांत सोपे. मात्र त्यातील प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पृष्ठभागाला इजा होते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब बरे. मलमाने काही वेळ धूसर दिसते, म्हणून ते रात्री लावतात. सायक्लोस्पोरिनच्या थेंबांनी सुरुवातीला आग होते आणि गुण यायला काही महिने लागतात. स्टिरॉइडचे थेंब लवकर आराम देतात, पण देखरेखीविना दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका असतो. अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत छोटी बुचे बसवता येतात. ती कधी निसटतात, कधी डोळ्यांतून सतत पाणी येते, क्वचित जंतुसंसर्ग होतो. लाली घालवणारे थेंब कोरडेपणावरचा उपाय नव्हे. ते थांबवल्यावर लाली पुन्हा वाढू शकते.

अश्रूंची तपासणी सोपी आहे. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून पाच मिनिटांत ती किती ओली होते, ते मोजतात. पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली, तर अश्रू फारच कमी आहेत असे समजावे.

डोळ्यांसोबत तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तिन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. नेत्रतज्ज्ञांबरोबर संधिवाततज्ज्ञांचाही सल्ला लागू शकतो. औषधांच्या दुकानातून थेंब आणून महिनोन्‌महिने घालत राहिल्यास मूळ आजार लपून राहतो.