नेटी स्टीव्हन्स: पिठातल्या किड्याची साक्ष

आयसेलिनहून ब्रिन मॉर कॉलेज गाडीने साधारण दीड-पावणेदोन तासांवर. फिलाडेल्फियाकडे जाता-येता आपण त्या बाजूने कितीदा तरी जातो. तिथे १९०५ साली एका बाईंनी लावलेला शोध आपल्या आज्या-पणज्यांच्या सासरी वेळेवर पोचला असता, तर त्या बिचाऱ्यांचे निम्मे टोमणे वाचले असते, असं मला नेहमी वाटतं. त्या बाई म्हणजे नेटी स्टीव्हन्स.

नेटींचा जन्म ७ जुलै १८६१ चा, व्हरमाँटमधल्या कॅव्हेंडिशचा. वडील सुतार. शिक्षिका होण्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला आणि पुढे बरीच वर्षं शाळेत शिकवून पैसे साठवले. स्टॅनफर्डला नाव घातलं तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या! तिथून एम.ए. करून त्या ब्रिन मॉरला आल्या आणि १९०३ साली डॉक्टरेट मिळवली. तिथे त्यांना शिकवायला थॉमस हंट मॉर्गन होते, पुढे १९३३ साली नोबेल मिळवणारे.

गर्भाचं लिंग आईच्या आहारावर किंवा हवामानावर ठरतं, असं त्या काळी चांगले शिकलेले लोकही मानायचे. नेटींनी पिठात वाढणारा एक साधा किडा घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याची गुणसूत्रं मोजली. मादीच्या पेशीत वीस मोठी. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक अगदी चिमुकलं. म्हणजे मादीची सगळी बीजं सारखीच. नराची मात्र दोन प्रकारची: निम्म्यांत ते चिमुकलं गुणसूत्र, निम्म्यांत नाही. चिमुकलं आलं की नर, नाही आलं की मादी. त्यालाच आज आपण 'वाय' म्हणतो.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातल्या एडमंड विल्सन यांनाही स्वतंत्रपणे असंच काही दिसलं होतं. पण ते सुरुवातीला बाहेरच्या परिस्थितीचाही थोडा वाटा मानत होते. नेटींचा निष्कर्ष जास्त ठाम होता, तरी पुस्तकांत बरीच वर्षं विल्सन यांचंच नाव पुढे राहिलं. खुद्द मॉर्गनना हे पटायला १९१० साल उजाडलं. त्यांच्या फळमाश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला आणि तो गुण 'एक्स' गुणसूत्राबरोबर चालतो हे दिसलं. आईला रंग नीट दिसतात, पण मुलाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, असं का होतं तेही यातूनच उलगडलं. मुलाकडे 'एक्स' एकच, तोही आईकडून आलेला. त्यात दोष असला तर झाकायला दुसरा नाही.

नेटींना मात्र पुढचं फार पाहता आलं नाही. ब्रिन मॉरने त्यांच्यासाठी खास संशोधन-प्राध्यापकपद निर्माण केलं, पण ते स्वीकारण्याआधीच ४ मे १९१२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. वय अवघं पन्नास. उणीपुरी बारा वर्षं संशोधन, आणि तेवढ्यात चाळीसच्या आसपास शोधनिबंध!

आमच्या वाड्यातल्या एका काकूंना चौथी मुलगी झाली, तेव्हा बारशाला कोणी आलं नाही. काका मान खाली घालून बसले होते. पण बोल मात्र सगळे काकूंनाच. खरं तर दोष काकांचाही नव्हता. नाणं उडवावं तसा तो प्रकार. २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. गर्भलिंगचाचणीला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८९४ च होत्या. शोधाला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती.

आपल्या मुलांना इथे शाळेत 'एक्स-वाय'चे चौकोन भरायला शिकवतात. ते भरताना त्यांना नेटीबाईंची गोष्ट सांगा. आणि भारतात फोन कराल तेव्हा घरातल्या मोठ्यांनाही!